आळ ध्रुवताऱ्यावर, दोष नळीच्या कुशीत: कातळसड्यावरच्या एका दुर्बिणीचं प्रकरण

देवगड आणि विजयदुर्ग यांच्या मधल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एक दुर्बीण लागते. 200 मिलिमीटर व्यासाच्या आरशाची न्यूटोनियन, नाभीय अंतर 1000 मिलिमीटर, खाली मध्यम ताकदीचं इक्वेटोरियल माउंट, म्हणजे एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखून ताऱ्यांमागे फिरणारा आधार. मालक माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. माउंट त्यांनी जुनं, एकहाती वापरलेलं घेतलं, नळी नवी. नळीच्या बाजूला निघालेल्या फोकसरला डीएसएलआर कॅमेरा, शेजारी फाइंडरच्या खाचेत छोटी गाइडस्कोप आणि तिला गाइड कॅमेरा, लॅपटॉपवर पीएचडी टू, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला बारीक दुरुस्त्या देणारा, गाइडिंग करणारा प्रोग्रॅम. हौशी माणसाकडे असतो तो सगळा सरंजाम.

त्यांनी माझ्याकडे केलेली तक्रार अशी होती: ओमेगा सेंटॉरी हा दक्षिणेचा तारकागुच्छ बरा येतो, कृत्तिका बिघडतात. म्हणजे दक्षिणेला क्षितिजाजवळ, जिथे हवा गढूळ असते, तिथले तारे गोल. आणि डोक्यावर, जिथे आकाश सर्वांत स्वच्छ, तिथले तारे जोडतारे असल्यासारखे दुहेरी. सरांनी याचा दोष ध्रुवताऱ्याला दिला होता. दोन हंगाम ते ध्रुव साधण्यातच, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखण्यातच, घालवत होते.

तसं वाटणं अगदी साहजिक आहे. विजयदुर्गचं अक्षांश सुमारे साडेसोळा अंश. ध्रुवतारा तिथे क्षितिजापासून तेवढाच वर. इतक्या खालून येणारा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने साधारण साडेतीन पट हवेतून येतो, आणि किनाऱ्यावर ती हवा दमट, खारट. जानेवारीतसुद्धा उत्तरेला खाडीच्या अंगाला पांढुरकी झिलई असते. पोलरस्कोपमध्ये, म्हणजे माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत, ध्रुवतारा कधी दिसतो, कधी फक्त आहे असं वाटतं. युरोपातल्या माणसाला तो पन्नास अंशांवर लख्ख दिसतो आणि माउंटसोबत येणाऱ्या पुस्तिका त्याच माणसासाठी लिहिलेल्या असतात. त्यामुळे कोकणात काहीही बिनसलं की पहिला संशय ध्रुवावर.

शिवाय सड्यावर आणखी एक गोम आहे. सुरुवातीला माउंट ढोबळमानाने उत्तरेला वळवायचं तर लोक होकायंत्र किंवा मोबाइल वापरतात. जांभ्यात लोह भरपूर. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पावर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. सगळाच सडा तसा नाही, पण जांभ्यावर ठेवलेल्या सुईवर विसंबून खुंट्या मारू नयेत हे खरं. माउंटचं लोखंड आणि वजनं शेजारी असताना तर मुळीच नाही. (आणि कातळशिल्पाच्या रेषांवर ट्रायपॉडचे टोकदार पाय रोवू नयेत, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लोक रोवतात.) सर होकायंत्राऐवजी संध्याकाळी दोन दूरच्या खुणा धरून उत्तर ठरवतात. ती पद्धत उत्तम आहे, तिच्यात मी काही बदललं नाही.

जागेबद्दल एवढंच की ती दुर्बिणीसाठी देवाघरची आहे. वाळूवर ट्रायपॉड रात्रभर खचत जातो, अंगणातल्या शेणाच्या जमिनीवर माणूस चालला की ताऱ्याला कळतं. कातळावर यातलं काही नाही. विजयदुर्गात ज्यांना साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात ते याच गरजेतून आले. तिथे हेलियमचा शोध लागला असं गाइड ठोकून सांगतात, पण ते जुळत नाही. सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात नोंदली गेली. तेव्हा या शोधाशी ज्यांची नावं जोडली जातात त्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडात. लॉकियर आपली तुकडी घेऊन विजयदुर्गला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, आणि मेलपोमीनी या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या हाताखाली उपकरणं लावायला होते. नळी कितीही नामांकित असो, खालचा ओटा हलता कामा नये, एवढं त्या मंडळींना पक्कं माहीत होतं.

आधी हिशेब, मग पाना

सरांनी मला जे फोटो पाठवले ते दोन-दोन मिनिटांचे होते. त्यांत ताऱ्यांना शेपूट नव्हतं, दोन डोकी होती आणि मध्ये अंधुक दांडा. माझ्या मते इथेच अर्धं निदान झालं. ध्रुव चुकला तर तारा सरपटतो: संथ, एकसारखा, एकाच दिशेने. तो उडी मारत नाही.

आकड्यात सांगायचं तर माउंटचा अक्ष ध्रुवापासून 5 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा) चुकला असेल, तर तारा क्रांतीच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण, दिशेने मिनिटाला फार तर 1.3 विकला सरकतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून जेमतेम 38 कला लांब आहे. म्हणजे कोणी पोलरस्कोपमधली आकृतीच पाहिली नाही, सरळ ध्रुवतारा मधोमध धरला आणि मोकळा झाला, तरी मिनिटाला 10 विकलांच्या वर सरकायचं काही कारण नाही. आणि सर तर आकृती पाहून, वेळ लावून, नीट साधणारे. त्यांच्या कॅमेऱ्यात एका पिक्सेलला सुमारे 0.9 विकला बसते.

म्हणून मी फोनवर त्यांना सांगितलं, की सर, गाइडिंग बंद करा, 30-30 सेकंदांचे फोटो घेत राहा आणि ते एकामागून एक लावून पाहा. आधी हँडसेटवरून क्रांतीच्या अक्षाला थोडं हलवून चित्रात उत्तर-दक्षिण कुठे येते ते बघून ठेवा. पूर्व-पश्चिम हेलकावे येतील, त्यांच्याकडे सध्या लक्ष नको. ते माउंट फिरवणाऱ्या वर्म गिअरचे, ते कोणत्याही माउंटला असतात. बघायचं ते फक्त उत्तर-दक्षिण.

उत्तर-दक्षिण दिशेने तारे मिनिटाला विकला-सव्वा विकला सरपटत होते. मग एका फोटोत एकदम 10 पिक्सेलची उडी. नंतर पुन्हा तेच संथ सरपटणं.

30 सेकंदांत 9 विकला जायला अक्ष ध्रुवापासून एका अंशाहून जास्त चुकलेला हवा, आणि तसा असता तर प्रत्येक फोटोत 9 विकला दिसल्या असत्या. ध्रुवतारा सुटला. राहिला प्रश्न उडीचा. गाइडिंग बंद असताना क्रांतीची मोटर स्थिर असते. जो अक्ष कोणी फिरवत नाही तो स्वतःहून उडी मारतो, म्हणजे त्याला कोणीतरी ओढतंय. रात्रीच्या वेळी सड्यावर ओढणारं एकच असतं, वजन.

नळी आडवी असताना सगळं ठीक

अमावस्येच्या आसपास मी गेलो. सरांनी कार्यक्रम नेहमीप्रमाणे करून दाखवला. वजनाचा दांडा आडवा, नळी आडवी, क्रांतीचा क्लच सोडला; नळी जागच्या जागी उभी. बोटाने ढकलली, थांबली. मग विषुवांशाचा, म्हणजे पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या अक्षाचा, क्लच सोडला, दांडा आडवाच. "तोल परफेक्ट आहे ना?" सर म्हणाले. आडव्या नळीपुरता होताच.

मी म्हटलं, "आता दांडा तसाच आडवा असू द्या आणि नळीचं तोंड सरळ आकाशाकडे करा. हात खाली धरून ठेवा हं."

क्लच सोडल्याबरोबर नळी कॅमेऱ्याच्या अंगाला कलली, सावकाश नाही, चांगली दणकन. सरांनी ती झेलली. शेजारच्या आंब्याच्या बागेचा राखणदार बॅटरी घेऊन बघायला आला होता, तो म्हणाला, "तोफ कोणार रोखल्यात, गुरुजी?"

हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तोल साधण्याच्या बहुतेक सूचना आडव्या नळीपाशी येऊन थांबतात. क्रांतीचा अक्ष नळीला काटकोनात, माउंटच्या खाचेतून जातो. नळीचा गुरुत्वमध्य त्या अक्षावर आला तरच नळी कुठल्याही स्थितीत निवांत राहील. पण गुरुत्वमध्य दोन तऱ्हांनी अक्षावरून ढळू शकतो: नळीच्या लांबीत पुढे-मागे, किंवा नळीच्या कुशीत, एका बाजूला. नळी धरणाऱ्या कड्यांमध्ये नळी सरकवून आपण फक्त पहिली चूक काढतो. दुसरी आडव्या नळीत दिसतच नाही, कारण तेव्हा कुशीतलं वजन अक्षाच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली असतं आणि त्याला पीळ द्यायला जागाच मिळत नाही. नळी जसजशी उभी होते तसतसं ते वजन बाहेर येतं. पीळ नळीच्या उंचीच्या कोनाच्या साइनप्रमाणे वाढतो. आडव्या नळीत शून्य, सरळ उभ्या नळीत पूर्ण.

आता सरांची तक्रार पुन्हा वाचा. विजयदुर्गहून ओमेगा सेंटॉरी जास्तीत जास्त 26 अंशांवर येतो. तिथे साइन 0.44. कृत्तिका 82 अंशांवर, तिथे 0.99. दक्षिणेला निम्म्याहून कमी पीळ, डोक्यावर जवळजवळ सगळा. कोकणच्या अक्षांशावर ही चूक जास्त बोचते, कारण हिवाळ्यातली इथली खास आकर्षणं, कृत्तिका, रोहिणीच्या आसपासचा भाग, खेकडा तेजोमेघ, पुष्य, सगळी डोक्यावरून जातात. लंडनच्या माणसाला कृत्तिका कधीच 63 अंशांच्या वर मिळत नाहीत.

कुशीत वजन किती होतं? कॅमेरा आणि कोमा करेक्टर (चित्राच्या कडेचे तारे सुधारणारी भिंगं) मिळून सुमारे 1 किलो, नळीच्या मध्यरेषेपासून 20 सेंटिमीटरवर. गाइडस्कोप आणि तिचा कॅमेरा 700 ग्रॅम, 17 सेंटिमीटरवर, तीही जवळपास त्याच अंगाला. बेरीज 30 किलो-सेंटिमीटरच्या घरात. फोकसर आडवा बाजूला काढलेला, कारण उभं राहून फोकस करायला तो तिथे सोयीचा.

आणि उडी? गिअरच्या दात्यांमध्ये थोडी मोकळी हालचाल असतेच, बॅकलॅश म्हणतात ती. जुन्या ट्रॅक्स गाडीच्या स्टेअरिंगला असते तशी. पीळ एकाच बाजूने असेल तर दाते एका कडेला टेकून राहतात आणि काही बिघडत नाही. सरांच्या नळीत कुशीतला पीळ एका दिशेचा, आणि लांबीतला राहिलेला थोडासा तोल उलट दिशेचा. तारा चढत जातो तसा पहिला वाढतो, दुसरा कमी होतो. एका क्षणी पारडं उलटतं आणि दाते मोकळ्या जागेतून घरंगळून पलीकडच्या कडेला टेकतात. ती 9 विकलांची उडी. गाइडिंग चालू असलं की पीएचडी टू ती उडी परत खेचायला जातं, दाते मोकळ्या जागेतून परत येईपर्यंत काही हालत नाही, मग एकदम जास्त हालतं. आलेखावर करवतीचे दाते दिसतात आणि माणूस सेटिंग बदलत बसतो.

लटकणाऱ्या वजनाची गोष्ट

मला दुसरी एक गोष्ट जाता जाता दिसली आणि ती कदाचित या प्रकरणातली सर्वांत कोकणी गोष्ट असावी. जुन्या माउंटसोबत 5 किलोचं एकच वजन आलं होतं. नळी, कडी, कॅमेरा वगैरे मिळून भार साडेअकरा किलो, विषुवांशाच्या अक्षापासून सुमारे 25 सेंटिमीटरवर. तोलायला 5 किलो पुरं पडेना म्हणून सरांनी दांड्याला जोडदांडा लावून ते वजन 57 सेंटिमीटरवर नेलं होतं. हिशेब बरोबर: 11.5 गुणिले 25, आणि 5 गुणिले 57.5, दोन्ही सारखे.

पण साडेसोळा अक्षांशावर माउंटचा ध्रुवाक्ष, म्हणजे तोच विषुवांशाचा अक्ष, जवळजवळ आडवा झोपलेला असतो आणि वजनाचा दांडा त्याला काटकोनात, म्हणून नळी ध्रुवाकडे असताना तो जवळजवळ सरळ खाली, उत्तरेला फक्त साडेसोळा अंश कललेला. पन्नास अक्षांशावर हाच दांडा पन्नास अंश पुढे निघालेला असतो, ट्रायपॉडच्या पायांपासून लांब. इथे तो पायाच्या अंगाअंगाने उतरतो. एवढा लांब दांडा उत्तरेकडच्या पायावर आपटणार हे ठरलेलं. सरांनी त्यावर उपाय काढला होता: आधी बिनजोडदांड्याने ध्रुव साधायचा, मग दांडा आडवा करून जोडदांडा आणि वजन चढवायचं.

माणूस असा मार्ग काढतो, आणि काढावाच. पण यात ध्रुव साधला जातो अपुऱ्या भाराने, आणि नंतर भार बदलतो. माउंटच्या उंचीच्या स्क्रूवर या अक्षांशात आधीच मोठा ताण असतो. भार बदलला की तो किंचित बसतो. मिनिटाला विकला-सव्वा विकला सरपटणं म्हणजे चारेक कलांची चूक, आणि तिचा काही भाग इथला असणार. काही भाग वातावरणाचाही: साडेसोळा अंशांवर प्रकाशाच्या वक्रीभवनाने ध्रुव 3 कलांहून थोडा जास्तच वर उचललेला दिसतो. पोलरस्कोपमधल्या आकृतीला हे माहीत नसतं.

आणखी एक तोटा असा की तोल साधला तरी जडत्व सारखं राहत नाही. ते अंतराच्या वर्गाने वाढतं. 5 किलो 57 सेंटिमीटरवर ठेवण्याऐवजी 10 किलो 29 सेंटिमीटरवर ठेवलं तर तोल तोच, वजनाचं जडत्व निम्मं. वारा लागल्यावर कंप लवकर शमतो. सड्यावर रात्री दहानंतर मतलई वारा सुटतो. तो मंद असतो पण थांबत नाही.

दुसरं वजन मागवायचं तर महागही आणि टपालाने यायला वेळही. सरांनी व्यायामशाळेतली 5 किलोची लोखंडी थाळी घेतली, आणि बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याकडून तिच्या भोकात नायलॉनचं बूश बसवून घेतलं, दांड्याच्या मापाचं, बाजूने एक अडकवणीचा स्क्रू. लेथवाल्याने स्क्रूच्या टोकाला पितळेचा तुकडा बसवला, म्हणजे दांड्यावर ओरखडे पडू नयेत. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दांड्याच्या शेवटी बोल्ट आणि रुंद वॉशर आहेच. तो नसेल तर पाच किलो कधीतरी पायाच्या अंगठ्यावर येणार.

नळी फिरवली

कुशीतला तोल सुधारायचे दोन मार्ग. समोरच्या अंगाला तेवढंच वजन लावायचं, किंवा कुशीतलं वजन क्रांतीच्या अक्षाच्या रेषेत आणायचं, म्हणजे ते वजनाच्या दांड्याने तोललं जाईल. पहिल्या मार्गाने आधीच काठावर असलेल्या माउंटवर दोन-अडीच किलो वाढले असते. फोटोसाठी या ताकदीच्या माउंटवर साडेअकरा किलो हीच हद्द समजावी, छापील आकडा काहीही असो. म्हणून दुसरा.

गाइडस्कोप फाइंडरच्या खाचेतून काढली आणि दोन्ही कड्यांच्या माथ्यावर, खाचेच्या बरोबर विरुद्ध बाजूला, एक पट्टी आडवी टाकून तिच्यावर बसवली. मग कडी सैल करून नळीच फिरवली, फोकसर माउंटच्या बाजूला येईपर्यंत. यामुळे कॅमेरा अक्षाच्या रेषेत आत आला, गाइडस्कोप त्याच रेषेत बाहेर. दोघांचा परिणाम एकमेकांना बहुतेक खाऊन टाकतो. वजनं दांड्यावर जेमतेम एक सेंटिमीटर वर सरकवावी लागली.

फोकसर बाहेरच्या बाजूलाही काढता आला असता आणि डोळ्याने पाहणाऱ्याला तेच बरं. पण मग वजनं दांड्यावर खाली न्यावी लागतात, आणि इथे खाली ट्रायपॉडचा पाय. फोटो काढणाऱ्याला फोकसर कुठे आहे याने फरक पडत नाही, लॅपटॉपवर दिसतं. सरांना फक्त पडद्यावरचं चित्र वेगळ्या कोनात येतं याची सवय करून घ्यावी लागली, आणि कॅमेऱ्याची वायर. ती आधी नळीवरून लोंबत होती. तिला कड्याच्या माथ्यावर बांधून मग माउंटच्या मध्याजवळून खाली सोडली. लोंबणारी वायर दव पडलं की जड होते आणि नळी फिरते तशी वेगवेगळ्या बाजूला ओढते. तिचा तोल कोणीच काढू शकत नाही.

यानंतर तोल पहिल्यापासून. क्रम असा का, यावर वाद होतात. माझं मत पक्कं आहे. आधी क्रांती, मग विषुवांश. क्रांतीचा तोल अर्धवट असताना विषुवांशाचा साधला तर तो नळीच्या त्याच दिशेपुरता खरा. नळी दुसरीकडे वळवली की गुरुत्वमध्य अक्षापासून जवळ-लांब होतो आणि साधलेला तोल मोडतो. क्रांती दोन्ही तऱ्हांनी साधली, आडवी नि उभी, की विषुवांशाचा तोल सगळीकडे टिकतो. आणि हे सगळं करताना नळीवर जे जे रात्री असणार ते सगळं हवं: झाकण काढलेलं, कॅमेरा फोकसच्या जागी बाहेर आलेला, दवरोधक पट्टा, पुढचा फोमचा गळपट्टा. सर झाकण लावून तोल साधत आणि फोटोच्या वेळी काढत. झाकण हलकं असतं, पण नळीच्या अगदी टोकाला.

शेवटी एक छोटा मुद्दाम बिघाड. विषुवांशाचा तोल तंतोतंत ठेवायचा नाही. पूर्वेकडची बाजू केसभर जड ठेवायची, म्हणजे मोटर नेहमी थोडं उचलत राहते आणि दाते एकाच कडेला टेकलेले राहतात. माउंटला तंतोतंत तोल मानवत नाही. तारा मध्यान्हरेषा ओलांडला आणि नळी पलीकडे फिरवली, की पूर्वेला वजनं होती तिथे नळी येते; तेव्हा वजनं पुन्हा किंचित सरकवावी लागतात. सर यासाठी दांड्यावर पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा ओढून ठेवतात, एक पूर्वेची, एक पश्चिमेची.

ध्रुव साधला तो यानंतर, पूर्ण भाराने. ट्रायपॉड असा फिरवला की उत्तरेला पाय न येता दोन पायांमधली फट येते, आणि आखूड दांडा त्या फटीत मोकळा उतरतो. पोलरस्कोपने जवळ आणून शेवटची सुधारणा ताऱ्याच्या सरपटण्यावरून केली: एक तारा मध्यान्हरेषेजवळ, एक पूर्वेला खाली. ध्रुवाकडचं वक्रीभवन, झिलई यांच्याशी या पद्धतीला देणंघेणं नाही, ती जे घडतंय तेच मोजते. किनाऱ्यावरच्या माणसाने ही पद्धत शिकूनच घ्यावी, वेळखाऊ असली तरी. पूर्वेचा तारा म्हणतो, कारण पश्चिमेला समुद्रावर एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटींचा उजेड असतो. एखाद्या रात्री क्षितिजावर गाव वसल्यासारखा.

कातळावर रात्री वाकून पाय तपासताना बॅटरीचा उजेड जमिनीवर ठेवायचा आणि पायात बूट हवेत. या सड्यांवर फुरसं असतं, त्याला लाल बॅटरीचं कौतुक नसतं.

निकाल

कृत्तिका तोवर पश्चिमेला कलल्या होत्या, म्हणून पुष्य हा तारकागुच्छ घेतला. तो इथे डोक्यापासून फक्त तीन-सव्वातीन अंशांवरून जातो, म्हणजे कुशीच्या तोलाची खरी परीक्षा. तेच 30 सेकंदांचे फोटो, गाइडिंग बंद. उत्तर-दक्षिण दिशेला उडी नाही. सरपटणंही इतकं कमी की दोन-तीन मिनिटांत पिक्सेलभर. गाइडिंग चालू केल्यावर क्रांतीच्या आलेखातले करवतीचे दाते गेले आणि एका दिशेची बारीक, तुरळक दुरुस्ती राहिली. पहाटे ओमेगा सेंटॉरीही घेतला. तो पूर्वीसारखाच बरा आला.

जर्मन भिंगतज्ज्ञ फ्राउनहोफरने 1824 मध्ये डोर्पातच्या (आजचं एस्टोनियातलं तार्तू) वेधशाळेसाठी 24 सेंटिमीटरची दुर्बीण केली, तेव्हा या जातीचं माउंट जगाने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं, आणि त्याच्या कौतुकाचं एक कारण हेच होतं की एवढी जड नळी बोटाने फिरे. त्याची नळी लेन्सची होती, डोळा मागच्या टोकाला, कुशीत फारसं काही नाही. न्यूटनच्या आरशाची नळी, बाजूला निघालेला फोकसर आणि त्यावर टांगलेला कॅमेरा, हे सगळं त्याच माउंटवर बसवायची हौस आपली. पुस्तिकेत आडव्या नळीचा तोल सांगितलेला असतो त्याचं मूळ कदाचित तिथेच असेल. लेन्सच्या नळीला तेवढा बहुतेक वेळा पुरतो.

पूर्व-पश्चिमेचा हेलकावा मात्र अजून आहे. या माउंटच्या वर्म व्हीलला 135 दाते, म्हणजे वर्मचा एक फेरा 638 सेकंदांचा, आणि हेलकावा बरोबर त्याच तालात येतो. तोलाने तो जात नाही. त्यासाठी वर्मची पकड थोडी घट्ट करून, जुनं ग्रीस काढून नवं घालायचं ठरलं आहे, पण ते काम खारी हवा शिरत नाही अशा बंद खोलीत, पावसाळ्यात.